सावलीतलं ऊन: गच्चीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

९ फेब्रुवारी

आईंच्या (सासूबाईंच्या) हातांवर पुन्हा लालसर पुरळ आलंय. मनगटापासून कोपरापर्यंत. बांगड्यांखालची पट्टी मात्र स्वच्छ, जणू कुणी खोडरबर फिरवलाय. त्वचेच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले, बीपीची गोळी कोणती ते विचारलं. तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे. हे औषध घेणाऱ्या काही जणांची कातडी उन्हाला जास्तच बिचकते, म्हणून गोळी बदलायची चिठ्ठी दिली आणि "उन्हात जाऊ नका" म्हणाले.

आईंनी तिथल्या तिथे सुनावलं, "मी उन्हात जातच नाही. वाळवण घालते ते पत्र्याच्या सावलीत बसून."

हे खरं आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी तीन फूट बाय सहा फूट पत्रा आहे, त्याखाली पाट टाकून त्या बसतात. मग हातांना ऊन लागलं कुठून? घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच. दिवसभर कारखान्यात दाबमापकं नि तापमापकं तपासायचं काम करते मी. घरच्या सावलीत किती ऊन येतं एवढं मोजता येऊ नये?

१२ फेब्रुवारी

ऑफिस सुटल्यावर तपकीर गल्लीत. बीपीडब्ल्यू-३४ फोटोडायोड ४, एडीएस-१११५ मॉड्यूल (व्होल्टेजचे आकडे करून देणारं) १, मेमरी कार्डाचं मॉड्यूल १, किरकोळ रेझिस्टर. आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड) घरात पडलेला आहेच, लेकीच्या सहावीतल्या प्रदर्शनातला.

डायोडचं तत्त्व सोपं. प्रकाश पडला की तो करंट देतो, आणि दोन्ही टोकं जवळजवळ जोडलेलीच ठेवली तर प्रकाश दुप्पट झाल्यावर करंटही दुप्पट. वेधशाळेतल्या पायरॅनोमीटरमध्ये काचेच्या घुमटाखाली काळी तबकडी असते, ती किती तापते त्यावरून ऊन मोजतात. ते यंत्र माझ्या खिशाला झेपणारं नाही.

येताना सिमला ऑफिस चौकात सिग्नलला थांबले. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, त्यावरून हे नाव. हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी १९४८ मध्ये इथेच उपकरण विभागात रुजू झाल्या. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर ऊन मोजणारी केंद्रं उभी करण्याचं काम त्यांनी केलं, आणि १९८०च्या सुमारास ती सगळी आकडेवारी पुस्तकरूपात छापली. सौर पॅनेलवाले आज 'या गावात वर्षाला इतकं ऊन' असं बिनधास्त सांगतात, त्याच्या मुळाशी हे खातं आणि ही बाई. चौकातून रोज जाते, आणि आठवण आली ती डायोड खिशात असताना.

१६ फेब्रुवारी

पहिला दिवसभराचा आलेख आला आणि फसला. सकाळी रेघ छान चढते, साडेदहाला सपाट होते आणि तीनपर्यंत टेबलासारखी. लेक म्हणाली, "दुपारभर ऊन सेमच असेल." असतं तर बरं झालं असतं.

चूक माझी. ६८० ओहमचा रेझिस्टर लावला होता. भर उन्हात त्याच्यावर अर्ध्या व्होल्टच्या वर दाब तयार होतो, आणि सिलिकॉनचा डायोड तिथे आपलाच करंट आपल्यात जिरवायला लागतो. ज्या कामाचा पगार घेते त्यातच ही चूक. ३३ ओहम लावला. आता दुपारी पंचवीस-एक मिलिव्होल्ट येतात, आणि एडीएस-१११५ सगळ्यात बारीक पट्टीवर आठ मायक्रोव्होल्टची पायरी ओळखतो. भरपूर झालं.

२३ फेब्रुवारी

आकाश स्वच्छ, वारा नाही. मिलिव्होल्टचे वॅट करायचा दिवस.

वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर १३६१ वॅट पडतात. हा वर्षाचा सरासरी आकडा. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो, जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब. त्यामुळे माथ्यावरच्या उन्हात सुमारे ७ टक्क्यांचा फरक पडतो, आणि तोही उलटा, थंडीत जास्त. उन्हाळा जवळ-लांब असण्यानं होत नाही, किरण किती उभे पडतात त्यानं होतो, हे शाळेत घोकलेलं. आलेखात बघताना मात्र नव्यानं पटतं.

स्वच्छ आकाशाखाली जमिनीवर किती यावं याची बरीच सूत्रं आहेत. मी हाउरविट्झचं घेतलं, कारण त्याला फक्त सूर्याचा कोन लागतो. आजचा खरा मध्यान्ह पुण्यात १२:४८ला होता. भारतीय प्रमाणवेळ आपल्याहून बरीच पूर्वेच्या रेखांशाची, म्हणून आपलं घड्याळ उन्हाच्या पुढे पळतं. त्या वेळी सूर्य डोक्यापासून २८ अंश दक्षिणेला. सूत्र म्हणतं ९०० वॅट. माझे मिलिव्होल्ट तिथे बांधले. सकाळ-संध्याकाळचे आकडेही ५-६ टक्क्यांत जुळतात. वेधशाळेला हे चालणार नाही, मला चालतं.

२ मार्च

यूव्ही सेन्सर आला, गुवा-एस-१२-एसडी नावाचा. यूव्ही म्हणजे अतिनील किरण. कातडीला जे लागतं ते मुख्यत: अतिनील, तेव्हा खरा प्रश्न याचाच.

फ्रिजमध्ये ठेवायचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा डबा घेतला, सगळं आत बसवलं, झाकणाच्या कडेला सिलिकॉन भरलं, पाऊस आला तरी थेंब जाणार नाही. दिवसभराचा यूव्हीचा आकडा: शून्य. जोडणी तपासली, तार बदलली, दुसरा सेन्सर मागवायच्या बेतात होते. शेवटी वैतागून झाकण उघडलं तर आकडा टुणकन वर.

डबा पॉलिकार्बोनेटचा. डोळ्याला आरपार, अतिनीलला भिंत. चष्म्याच्या प्लास्टिकच्या काचांचंही बऱ्याचदा तसंच असतं. आणि मी ही 'हवाबंद' जोडणी नवऱ्याला कौतुकानं दाखवून झाली होती.

८ मार्च

झाकणाला भोक पाडून त्यावर नळाची टेफ्लॉन टेप सहा पदरी ताणून बसवली. टेफ्लॉन अतिनील अडवत नाही, फक्त विखुरतो, आणि त्यामुळे तिरप्या उन्हाचाही हिशोब बरा लागतो. प्लंबरनं ठेवून गेलेली टेप, वीस रुपयांची.

या सेन्सरचा एक दोष लिहून ठेवते. अतिनीलचे जमिनीवर येणारे दोन भाग: यूव्ही-ए (३१५ ते ४०० नॅनोमीटर) आणि यूव्ही-बी (२८० ते ३१५). त्याहून आखूड यूव्ही-सी ओझोन नि ऑक्सिजन वरच संपवतात. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनीलमध्ये यूव्ही-एचा वाटा ९० टक्क्यांच्या वर, त्यामुळे हा सेन्सर जवळपास यूव्ही-एच मोजतो. कागदावर 'व्होल्टला दहानं गुणा, यूव्ही निर्देशांक मिळेल' असं छापलंय, त्यावर माझा विश्वास नाही. तो निर्देशांक कातडी लाल करण्याच्या ताकदीवर ठरतो आणि त्यात यूव्ही-बीचं वजन फार. त्यामुळे मी निर्देशांक लिहिणारच नाही. उघड्या गच्चीवरचा आकडा १००, बाकी जागा त्याच्या टक्क्यांत.

डॉक्टरांना फोन करून विचारलं तर म्हणाले, गोळ्यांमुळे येणारं हे दुखणं बहुतेक यूव्ही-एचंच असतं. म्हणजे सेन्सरचा दोष माझ्या पथ्यावर.

जाता जाता: दिवाणखान्याच्या बंद खिडकीमागे, काचेतून ऊन येतं तिथे सेन्सर धरला. बाहेरच्या ६३ टक्के. साधी काच यूव्ही-बी जवळजवळ सगळं अडवते, यूव्ही-ए बरंच सोडते. आई सकाळी साडेसातला त्याच खिडकीशी 'कोवळ्या उन्हात' ड जीवनसत्त्वासाठी बसतात. ते जीवनसत्त्व कातडीत बनतं यूव्ही-बीनं. साडेसातला सूर्य एवढा खाली असतो की हवेतून तिरपं येता येता यूव्ही-बी गळून जातं, आणि जे उरतं ते काचेत अडकतं. कोवळं ऊन अंगाला छान वाटतं याबद्दल वाद नाही. पण त्या खुर्चीत त्यांना हवं ते मिळत नाही आणि नको ते मिळतंय. हे अजून त्यांना सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून.

३० मार्च

गुढीपाडव्याची गडबड आटोपली, वाळवणाला सुरुवात. गव्हाचा चीक शिजवून आई पहाटेच तयार. मी सोऱ्याऐवजी डबा घेऊन वर.

आईंच्या पाटावर, त्यांच्या हातांच्या उंचीला सेन्सर ठेवला. वेळ १२:३० ते १:००, पत्र्याची सावली नेमकी पाटावर.

एकूण ऊन (डायोडवर): उघड्यावरच्या २० टक्के.
यूव्ही: ३९ टक्के.

तीनदा मोजलं. दोघांची जागा अदलाबदल केली. तेच.

म्हणजे डोळा सांगतो 'चार पंचमांश ऊन अडलं', अंगही तेच सांगतं कारण तिथे गार वाटतं, आणि अतिनील मात्र पाचातले दोन वाटे येऊन बसतंय. कारण आकाश. हवेचे रेणू आखूड लांबीचा प्रकाश जास्त उधळतात, लांबी निम्मी झाली की सोळा पट. निळा रंग म्हणूनच आकाशभर पसरतो, आणि अतिनील निळ्याच्याही पुढचं. त्यामुळे दुपारीसुद्धा अतिनीलचा अर्ध्याच्या आसपास भाग सूर्याकडून थेट न येता सगळ्या आकाशातून झिरपत येतो. पत्रा सूर्याची तबकडी झाकतो. पाटावर बसून मान फिरवली तर चारही बाजूंना उघडं आकाश. पत्रा त्यातला जेमतेम पाव झाकतो. डोळ्याला अतिनील दिसत असतं तर आईंना ती जागा सावली वाटलीच नसती.

आईंना आकडे दाखवले. त्या सोऱ्या फिरवत म्हणाल्या, "म्हणजे आभाळच लागतं म्हण की."

यापेक्षा नेमकं मला मांडता आलं नाही.

६ एप्रिल

नवऱ्याचा संशय फरशीवर. गेल्या वर्षी गच्चीला पांढरा वॉटरप्रूफ रंग दिला, दुपारी डोळे उघडवत नाहीत. "खालून मारत असेल." पटण्यासारखं होतं. मीही मनातून तोच गुन्हेगार धरून चालले होते.

सेन्सर उलटे टांगले, फरशीकडे तोंड करून, दीड फुटावर. एकूण ऊन ६४ टक्के परत वर. यूव्ही ९ टक्के.

पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो. दिसणारा प्रकाश तो जवळजवळ सगळा परतवतो, अतिनील मात्र गिळतो. सनस्क्रीनमध्ये तो घालतात तो याच गुणासाठी. म्हणजे डोळे दिपवणारी फरशी कातडीच्या बाबतीत निर्दोष. ताज्या बर्फाची गोष्ट वेगळी, तो अतिनील ८० टक्क्यांहून जास्त परतवतो. पण तो आमच्या गच्चीवर पडत नाही.

२० एप्रिल

आजचा दिवस तापमापीसह. (तापमापी सावलीत, जिन्यात.)

सकाळी १०: हवा ३१ अंश, एकूण ऊन दुपारच्या ७८ टक्के, यूव्ही ७२.
१२:३५: ३६.५ अंश, दोन्ही १००.
दुपारी ४: ३९ अंश, एकूण ६२, यूव्ही ५३.

यूव्ही-बी माझ्या सेन्सरला नीट दिसत नाही, पण तिरप्या कोनात ते यूव्ही-एपेक्षा झपाट्यानं घटतं, त्यामुळे चारला त्याचं प्रमाण याहूनही कमी.

आपल्या भाषेत 'ऊन' एकच. उजेड म्हणजे ऊन, चटका म्हणजेही ऊन, उकाडा म्हणजे 'ऊन फार झालंय'. तिघांची वेळ मात्र एक नाही. जमीन तापून हवेला तापवते, त्यात दोन-तीन तास जातात, म्हणून उकाड्याचा माथा तीन-साडेतीनला. आई दहाला "अजून ऊन चढलं नाही" म्हणून वर जातात आणि चारला "काय रणरणतंय" म्हणून खाली थांबतात. नेमकं उलटं करायला हवं.

लेकीनं सोपा ठोकताळा शोधून आणला: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर सांभाळायचं. तो सूर्य ४५ अंशांच्या वर असण्याचा हिशोब. आकडेमोड केली तर पुण्यात मेच्या मध्यावर ही वेळ ९:२० ते ३:४० येते. डिसेंबरच्या शेवटीसुद्धा साधारण ११:२५ ते १:४०. थंडीतही सव्वादोन तास, हे मला अनपेक्षित होतं.

४ मे

धुरळा. सिंहगड सकाळपासून दिसत नाही. गडद आकाश आणि पांढुरकं आकाश यात किती फरक, ते बघायला दुसरं यंत्र: पीव्हीसी पाइपचा तुकडा, तळाशी लाल एलईडी. एलईडी प्रकाश देतो तसा थोडा करंटही देतो, आणि तोही ठरावीक रंगाच्याच प्रकाशाला. अमेरिकेतल्या फॉरेस्ट मिम्स यांनी असे एलईडी वापरून हातात मावणारी सूर्यमापकं केली, त्यांचीच युक्ती.

पाइप सूर्याकडे रोखायचा, सकाळी दर दहा मिनिटांनी आकडा. हवेची जाडी आडव्या अक्षावर, आकड्याचा लॉगॅरिथम उभ्यावर. सरळ रेघ आली तर तिचा उतार म्हणजे हवेची गढूळता, टाउ. लँग्लीची पद्धत. माझी रेघ नऊनंतर वाकली, कारण रस्ता जागा झाला आणि हवा सकाळची राहिली नाही. म्हणून ही मोजणी करणारे डोंगरमाथे गाठतात. साडेआठपर्यंतच्या ठिपक्यांवरून टाउ ०.५ धरला. सूर्य डोक्यावर असताना थेट किरणांचे ६० टक्के पोचले, बाकीचे बरेचसे आकाशात पसरले. पाटावरचा यूव्ही आज ४३ टक्के. धुरळ्यानं ऊन कमी होतं, सावलीतलं वाढतं.

लेकीनं मंगळाचं विचारलं. तिथे माथ्यावरच सरासरी ५९० वॅट, आपल्या निम्म्याहूनही कमी. वर ओझोनची चादर नाही, त्यामुळे यूव्ही-सीसुद्धा खालपर्यंत. आणि धूळ. जून २०१८च्या वादळात ओपर्च्युनिटी गाडीवर टाउ १०.८ मोजला गेला. थेट किरणांचा पन्नास हजारावा हिस्सा. पॅनेलवर चालणारी ती गाडी १० जूननंतर बोललीच नाही. लेक बराच वेळ गप्प होती.

१३ मे

शून्य सावलीचा दिवस. पुणे १८.५ अंश उत्तरेला, आज सूर्यही तिथेच. इमारतीतली नऊ पोरं वर, प्रत्येकाकडे काहीतरी: पेला, बॅट, पाण्याची बाटली. मी लोखंडी पाइप ओळंब्यानं उभा केला होता. १२:२५ला बोटभर काळी कड, मग ती पाइपच्या बुडाखाली शिरत गेली. १२:३१ला पाइप फरशीवर चिकटवलेल्या चित्रासारखा. पोरांपैकी एक स्वत:च्या पायांत सावली शोधत गोल फिरला.

डबा: १०२१ वॅट. सूत्र १०३५ म्हणत होतं.

आज खरं काम वेगळं होतं. पत्र्याच्या दक्षिण आणि उत्तर बाजूला जुन्या जाड चादरी सोडल्या, पाटापासून वीतभर वरपर्यंत. वारा पूर्व-पश्चिम मोकळा ठेवला, नाहीतर आई तिथे बसल्याच नसत्या. पाटावरचा यूव्ही: १७ टक्के. पुन्हा मोजला: १६.

आईंचा शेरा: "न्हाणीघर केलंस." पण बसल्या.

२४ मे

कापसासारखे ढग. अकरा ते एक आलेख करवतीसारखा, ३०० ते ११६०. हजार साठ नव्हे, अकराशे साठ! आधी वाटलं तार सैल. मग पाहिलं, सूर्य उघडा असताना शेजारच्या ढगाची पांढरीशुभ्र कड झळाळत होती. थेट ऊन पूर्ण, वर ढगांनी परतवलेलं. मिनिटभरासाठी स्वच्छ आकाशापेक्षा जास्त ऊन. सौर पॅनेलवाल्यांना हे माहीत असतं. ढगाळ म्हणून टोपी घरी ठेवणाऱ्यांना नसतं. त्यात मीही आले.

मोठा ढग आडवा आल्यावर एकूण ऊन ३० टक्क्यांवर, यूव्ही मात्र ४६वर. पाण्याचे थेंब अवरक्त (इन्फ्रारेड) शोषतात, अतिनील फक्त इकडेतिकडे ढकलतात. ढगाखाली गार वाटतं यात काही खोटं नाही, मोजमाप मात्र अंगाला विचारून होत नाही.

८ जून

काल रात्री वळवाचा दणका. टेफ्लॉनच्या पदरांत पाणी शिरलं, यूव्ही सेन्सरच्या पायांवर हिरवा गंज. ॲरॉल्डाइटनं बुजवायला हवं होतं ते मी पुढच्या रविवारवर ढकलत आले. डबा उतरवला. मेमरी कार्ड शाबूत.

आईंचे हात: नवीन पुरळ गेल्या पाच आठवड्यांत नाही. गोळी बदलली, चादरी लागल्या, त्या आठला चीक घालून नऊला खाली येतात आणि साडेचारनंतर कुरडया उलटायला वर जातात. यातलं कशानं किती झालं ते सांगता येणार नाही; तीन गोष्टी एकदम बदलल्या की असं होतं, आणि आईंवर प्रयोग म्हणून एकेक बदलून बघायची माझी छाती नाही. खिडकीची खुर्ची सरकवली. ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घेतली, कमी निघालं, आता आठवड्याची गोळी सुरू आहे.

कुरडया तीन डबे झाल्या. चादरी आईंनी स्वत: धुऊन, घडी घालून माळ्यावर ठेवल्या आणि घडीवर खडूनं लिहिलं: 'आभाळाच्या'.

३०-३१ जुलैला सूर्य परत डोक्यावर, १२:४१ला. ढग असणारच. पाइप काढलेला नाही.